व्यायामाची मात्रा आणि खोलीतील सायकल



गुग्गुळकल्प लिहिताना आपण वटींची संख्या लिहितो, औषधकाल लिहितो, अनुपान लिहितो. रुग्णाचे बल, अग्नी आणि कोष्ठ पाहून त्यात फेरफार करतो. त्याच कागदाच्या तळाशी, पथ्यापथ्याच्या ओळीत, ‘व्यायाम करावा’ असे दोन शब्द लिहून आपण पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. कोणता व्यायाम, किती वेळ, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणत्या ऋतूत, आणि मुख्य म्हणजे कोठे थांबावयाचे, यातील एकही गोष्ट त्या दोन शब्दांत नसते. प्रस्तुत लेखकाने हे पंचवीसहून अधिक वर्षे केले आणि त्यात काही वावगे आहे असे त्यास कधी वाटले नाही. वाटावयास एक सायकल कारणीभूत झाली.

आमच्या नाशिकात सायकलीचे वेड नवे नाही. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हापासून तर पन्नाशीतले गृहस्थही पहाटे शिरस्त्राण घालून गंगापूर धरणाच्या रस्त्याला दिसू लागले. त्यांतलेच एक आमचे स्नेही. आयुर्वेदीय औषधांचे दुकान. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत गल्ल्याशी उभे. वय ५३, वजन ९१ किलो, रक्तदाबाची गोळी चालू, आणि रक्तातील साखर प्रमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांनी हिवाळ्यात हौसेने रोड बाईक घेतली, म्हणजे अरुंद टायरची, खाली वळलेल्या हँडलची, वजनाने हलकी सायकल. वसंतापर्यंत पाच किलो वजन उतरले. मग २०२३ चा पाऊस सुरू झाला आणि ते माझ्याकडे येऊन म्हणाले, “वैद्यराज, आता सायकल खुंटीला टांगावी लागणार.”

मी म्हणालो, “टांगता कशाला? ट्रेनर घ्या. घरातच रोज तासभर चालवा.”

एवढेच. चिकित्सापत्र नाही, मात्रा नाही, काल नाही. त्यांनी ट्रेनर आणला. दुकान बंद करून, जेवून, रात्री साडेदहाला मागच्या खोलीत ते सायकलीवर बसू लागले. खोलीची खिडकी बंद, कारण पाऊस आत येई; पंखा बंद, कारण घामावर वारा लागू नये अशी घरातील वडीलधाऱ्यांची शिकवण, आणि ती आपणच घरोघरी दिलेली. रोज तास भरलाच पाहिजे, आणि रोज कालच्यापेक्षा अधिक किलोमीटर दिसले पाहिजेत, असा त्यांचा नेम. अठराव्या रात्री उतरताना त्यांना भोवळ आली. दोन उलट्या झाल्या, पोटऱ्यांत गोळे आले, अंगात कणकण भरली. मुलाने जवळच्या रुग्णालयात नेले. शरीरातील द्रव आणि क्षार घटल्याचे निदान होऊन रात्रभर शिरेवाटे द्रव द्यावे लागले. सकाळी मी भेटावयास गेलो तेव्हा तेथील तरुण डॉक्टरांनी मला सहज विचारले, की यांच्या रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल द्रव्य आहे हे तुम्हाला ठाऊक होते ना? मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

घरी परतल्यावर चरकसंहितेचे सूत्रस्थान काढले. सातव्या अध्यायात अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांची यादी आहे: श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर, छर्दी. विद्यार्थिदशेत ती आपण सर्वांनी परीक्षेपुरती पाठ केलेली असते. आमच्या स्नेह्यांच्या अंगी त्यांपैकी निदान चार गोष्टी एका रात्रीत उतरल्या होत्या, आणि निदान म्हणून पाहिले तर त्यांचा हेतू माझा तो दोन शब्दांचा उपदेश होता.

हा प्रसंग मी आमच्या मासिक बैठकीत सांगितला, तेव्हा दोन प्रकारचे आक्षेप आले. दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. एक ज्येष्ठ वैद्य म्हणाले, की मुळात वर्षाऋतूत व्यायाम वर्ज्य असताना यंत्र आणून तो करावयाचा हीच विकृती आहे. चरकाने ऋतुचर्येच्या अध्यायात, दिवास्वप्न आणि नदीचे पाणी यांच्या पंगतीत, वर्षाऋतूतील वर्ज्य गोष्टींत व्यायाम मोजला आहे, हे खरे. परंतु सुश्रुताचे मत तसे नाही. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात त्याने सर्व ऋतूंत, दररोज, बलाच्या अर्ध्याने व्यायाम करावा असे सांगितले आहे. अर्ध्यापलीकडे गेल्यास तो घातक होतो असेही लगोलग बजावले आहे. वाग्भट या दोहोंच्या मध्ये उभा आहे: शीतकाली आणि वसंतात अर्धशक्तीने, अन्य काळी मंद. ऋतुचर्येत वर्षाऋतूसाठी तो आयास टाळावयास सांगतो, आणि माझ्या मते आयास आणि मंद व्यायाम हे एक नव्हेत. पावसाळ्यात अग्नी मंद, वात प्रकुपित, शरीर क्लिन्न. अशा वेळी भुकेल्या जठराने दोन-दोन तास दमणूक करणे आणि वीस-तीस मिनिटे सावकाश पाय फिरविणे यांत जे अंतर आहे ते वैद्याने ओळखावयास हवे. दिवसभर दुकानात उभ्या असणाऱ्या, प्रमेहाच्या वाटेवरील मनुष्याला चार महिने निश्चेष्ट ठेवणे हे कोणत्या संहितेला मान्य होईल? प्रमेही रुग्णाला शेकडो योजने चालावयास सांगणारा सुश्रुतच आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा. त्यांचे म्हणणे असे, की अर्धशक्ती वगैरे जुन्या काळी ठीक होते. आज वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद विश्रांती अशा फेऱ्यांनी चार मिनिटांत काम होते, मग तासभर कोण बसतो? जपानचे इझुमी तबाता यांचे १९९६ सालचे जे संशोधन या पद्धतीच्या मुळाशी आहे, ते स्थिर सायकलीवरच झाले होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. पण त्यातील माणसे तरुण आणि क्रीडापटू होती, आणि तो जोर प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे १७० टक्के इतका होता. ९१ किलो वजनाच्या दुकानदाराला त्याची नक्कल करावयास सांगणे म्हणजे रसकल्पाची पूर्ण मात्रा पहिल्याच दिवशी देणे होय. सवय नसताना पहिल्या एक-दोन दिवसांतच बंद खोलीत सायकल जोरात चालविल्याने मांसपेशींचा नाश होऊन मूत्र काळपट होणे आणि वृक्कांना इजा पोहोचणे, अशा रुग्णांची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आली आहेत. वाग्भटाने अतिव्यायाम करणाऱ्याला हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान असतोच, पण त्याने तो वाचत नाही.

आणि गंमत अशी, की जे खरोखर सिंह आहेत त्यांचा क्रम पाहिला तर तो अर्धशक्तीच्या बाजूचाच निघतो. नॉर्वेत काम करणारे व्यायामशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी दमाच्या खेळांतील श्रेष्ठ खेळाडूंच्या सरावाची पाहणी करून दाखविले, की त्यांच्या सुमारे ८० टक्के बैठका सहज बोलता येईल इतक्या सौम्य असतात. उरलेल्या थोड्याच कठीण. आमच्या स्नेह्यांचा क्रम नेमका उलटा होता. रोज मध्यम ते कठीण, रोज अपुरी विश्रांती. प्राचीनांना हे सर्व ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. असले दावे आपल्या शास्त्राचे काही भले करीत नाहीत. मात्र अर्धशक्तीचे जे लक्षण सुश्रुताने सांगितले, की हृदयस्थित वायू मुखापर्यंत येऊ लागला म्हणजे अर्धे बल खर्च झाले असे समजावे, ते आजच्या ‘बोलून पाहा’ या परीक्षेच्या फार जवळ आहे. पायडल मारताना पूर्ण वाक्य बोलता येते तोवर व्यायाम सौम्य; वाक्य तुटू लागले आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की सीमा आली. यास उपकरण लागत नाही.

आता या यंत्राविषयी थोडे सविस्तर, कारण आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलेले नसेल आणि औषधालयाच्या मालकांना तर गिऱ्हाईक त्याविषयी हमखास विचारते. ट्रेनर म्हणजे लोखंडी चौकट. साध्या प्रकारात सायकलीचे मागचे चाक तिच्यात आवळून जखडतात आणि टायर एका रुळावर टेकतो. त्या रुळाला चुंबकाचा किंवा बंद डब्यातील द्रवाचा अवरोध असतो. महागड्या प्रकारात मागचे चाक काढूनच ठेवतात आणि साखळी थेट यंत्राच्या दातेरी चक्रावर चढवितात. ती यंत्रे किती वॅट जोर लागला ते सांगतात आणि ठरविलेला जोर स्वतःच राखतात. पुढचे चाक थोडे खाली राहते, म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा द्यावा; नाहीतर सारा भार मनगटांवर आणि मानेवर येतो. साध्या प्रकारात टायरमधील हवा आणि रुळाचा दाब दररोज सारखाच ठेवावा, कारण हवा कमी असली की तोच गिअर जड लागतो आणि कालच्याशी आजची तुलना निरर्थक होते. द्रवाचा अवरोध तापला की बदलतो, तेव्हा मोजमाप पहिली दहा मिनिटे गेल्यावरच करावे. किलोमीटर मोजू नयेत. खोलीत ना वारा कापावयाचा असतो ना चढ. मागचे चाक नुसते फिरते, आणि अवरोध हलका केला की आकडा वाढतो. आमच्या स्नेह्यांनी अठरा दिवस ज्या आकड्यामागे धाव घेतली तो आकडा असा पोकळ होता. मोजावयाचे ते मिनिटे, श्वास, नाडी आणि साधन असल्यास वॅट.

रस्त्यावरील तास आणि खोलीतील तास हे सारखे नव्हेत, हीही गोष्ट मला उशिरा कळली. रस्त्यावर उतार येतो, वळण येते, सिग्नल लागतो. पाय क्षणभर थांबतात. ट्रेनरवर पाय थांबविले की अवरोधामुळे चाक लागलीच मंदावते, म्हणून मनुष्य थांबतच नाही. सायकल जागची हलत नसल्याने बैठकीचा दाब एकाच ठिकाणी पडत राहतो. जांघेत बधिरपणा येतो, आणि तो सहन करण्याची गोष्ट नव्हे. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पायडल मारावे. सीटची उंची अशी असावी, की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहील. सीट फार खाली असली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते, फार वर असली तर मागच्या. ‘संधिवात’ म्हणून आलेल्या दोन तरुणांना गेल्या वर्षी मी औषध न देता सीट दोन बोटे वर घ्यावयास सांगितली. एकाचे दुखणे थांबले. दुसरा परत आलाच नाही, तेव्हा त्याचे काय झाले ते सांगता येत नाही.

परंतु या सर्वांहून मोठा प्रश्न उष्णतेचा आहे आणि त्यावर वैद्यांनी थांबून विचार करावा अशी माझी विनंती आहे. पायडलवर जेवढी शक्ती उतरते ती शरीराने खर्च केलेल्या शक्तीच्या साधारण पंचमांश ते चतुर्थांश असते. बाकीची उष्णता होते. आमचे स्नेही १२० वॅटचा जोर लावीत असतील असे धरले, तर त्यांचे शरीर त्याच वेळी चारशे वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करीत होते. बंद खोलीत एक लहान शेगडी तासभर पेटती ठेवावी, तसे. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाचा वारा ती उष्णता घेऊन जातो. खोलीत, आणि त्यातही पावसाळ्याच्या दमट हवेत, घाम येतो पण सुकत नाही, नुसता टपकतो. टपकणारा घाम शरीराला गार करीत नाही. हृदयाची गती मात्र, जोर तोच असताही, मिनिटामागे दहा-पंधरा ठोक्यांनी चढत जाते.

यातून अर्धशक्तीच्या लक्षणांविषयी एक सावधगिरी निघते. श्वासाच्या लक्षणाखेरीज ललाट, नासा, कक्षा आणि संधी यांवर स्वेद दिसणे, मुख सुकणे, हीही अर्धबलाची लक्षणे म्हणून सांगितली आहेत. ती मोकळ्या जागेतील व्यायामाला धरून आहेत असे मानले पाहिजे. बंद खोलीत पाचव्या मिनिटालाच कपाळ डवरते. तेव्हा कोणी घाम पाहून लगेच थांबेल, तर कोणी, आणि हे अधिक वेळा घडते, आपल्याला घाम तर नेहमीच येतो म्हणून त्या लक्षणाकडे दुर्लक्षच करू लागेल. म्हणून खोलीतील व्यायामात मुखाकडे येणारा श्वास हेच प्रमाण धरावे आणि घामाचा अर्थ ‘उष्णता बाहेर जात नाही’ असा करावा. पंखा लावावा. समोरून, छातीच्या उंचीवर, पायडल मारीत असेपर्यंत. घामावर वारा घेऊ नये हा उपदेश श्रम संपल्यावर ओल्या अंगाने पंख्याखाली बसणाऱ्यासाठी योग्य आहे. श्रम चालू असताना त्याच उपदेशाने आमच्या मित्राची खोली स्वेदनाची पेटी झाली. उतरल्यावर पंखा बंद करून अंग पुसावे, कोरडे वस्त्र घालावे, नाडी उतरल्यावर स्नान करावे. परंपरा आणि प्रयोग येथे भांडत नाहीत, त्यांची वेळ वेगळी आहे इतकेच.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन शब्द. बैठकीपूर्वी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. ‘एका तासात किलोभर उतरलो’ म्हणून आनंदाने पेढे वाटणारे गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येते, त्यास हे सांगावे. अर्ध्या तासाच्या सौम्य व्यायामाला साधे पाणी पुरते. रंगीत पेयांची आवश्यकता नसते. जलसंजीवनीची पुडी अतिसारासाठी आहे, आणि ‘ओआरएस’ हे नाव मिरविणाऱ्या गोड पेयांना ते नाव लावण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे आपणांस ठाऊक असेलच. त्याहून महत्त्वाचे असे, की कोण कोणती गोळी घेतो हे पुष्कळदा वैद्याआधी दुकानदाराला कळते. मूत्रल गोळी घेणाऱ्याचे पाणी आणि क्षार आधीच उणे असू शकतात. ‘बीटा ब्लॉकर’ वर्गातील गोळी घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी चढत नाही, तेव्हा नाडीच्या आकड्यावर त्याने विसंबू नये; श्वासच पाहावा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याने रिकाम्या पोटी सायकलीवर बसणे धोक्याचे. आपण सारे ‘प्रातःकाली, अन्न पचल्यावर’ असे सांगतो. या रुग्णांत साखर तपासून, थोडे खाऊन, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून मगच. छातीत दुखणे, धाप, चक्कर यांची पूर्वपीठिका असलेल्यास आधी तपासणी, नंतर सायकल.

अभ्यंगाविषयी एक गमतीची गोष्ट. दिनचर्येच्या क्रमाप्रमाणे एका शास्त्रनिष्ठ शिष्याने आधी सर्वांगाला तेल लावले आणि मग ट्रेनर सुरू केला. तळव्यांचे तेल पायडलवर, पोटऱ्यांवरून निथळलेले टायरवर. टायर रुळावर घसरू लागला आणि पठ्ठ्या सायकलीसह आडवा होता होता वाचला. अभ्यंग करावाच, पण तळपाय आणि पोटऱ्या पुसून घ्याव्यात. असो.

मग मात्रा कशी लिहावी? सुश्रुताने व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार या सहा गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत. मी आता चिकित्सापत्रावर त्या सहाच्या सहा लिहितो आणि त्यांखाली व्यायामाची ओळ लिहितो. आमच्या स्नेह्यांची नवी ओळ, त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पुनर्तपासणी केल्यावर, अशी झाली: वर्षाऋतू, आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक, सकाळी, मलमूत्रविसर्जनानंतर, दुकान उघडण्यापूर्वी, एकूण २० मिनिटे. पहिली पाच मिनिटे हलक्या गिअरवर. मधली दहा मिनिटे मिनिटाला ७५ ते ८० फेरे पडतील अशा गिअरवर, पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत. शेवटची पाच पुन्हा हलकी. खिडकी उघडी, पंखा चालू, हँडलवर पंचा. कारण घामातील क्षार हँडलच्या खिळ्यांनाही गंज चढवितो. तिसऱ्या आठवड्यात ३० मिनिटे. पाचव्या आठवड्यापासून तीनपैकी एका दिवशी मधल्या काळात सहा-सहा मिनिटांचे तीन टप्पे किंचित जड, जेथे वाक्य जेमतेम पूर्ण होईल, आणि प्रत्येक टप्प्यानंतर चार मिनिटे मोकळे पाय. अन्य दोन दिवस सौम्यच. ज्या सकाळी जिव्हा साम, अंग जड, भूक नाही, त्या सकाळी सायकल नाही. ती बुडालेली बैठक दुसऱ्या दिवशी भरून काढावयाची नाही.

‘इतके थोडे?’ असे त्यांनी विचारलेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, त्याहून हे कमी आहे हे मान्य. उरलेला भाग चालण्याने भरून निघावा, आणि मात्रा अग्नी व बल पाहून वाढवीत न्यावी. हेमंतात बल वाढते, अग्नी प्रखर होतो, स्निग्ध अन्न पचते. चार मिनिटे कठीण व तीन-चार मिनिटे हलके असे चार टप्पे, हा प्रकार मी त्या ऋतूत, बलवान आणि तपासणी झालेल्या मनुष्यासच, आणि आठवड्यातून एकदाच लिहितो. अर्धशक्तीच्या नियमाला हा अपवाद आहे हे मी जाणतो, आणि माझ्याहून जाणते कोणी तो अमान्य करतील तर त्यांच्याशी वाद घालणार नाही. मात्र वाग्भटाने अर्धशक्तीचा व्यायामही बलवान आणि स्निग्धभोजी यांनाच सांगितला आहे, हे तेल-तूप वर्ज्य करून, अर्धपोटी राहून रोज घाम गाळणाऱ्या मंडळींना कोणीतरी सांगावयास हवे.

खोलीतील सायकलीने खरे बल येते काय, असेही विचारले जाते. ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू हेमन यांचा हात २०१६ च्या फेब्रुवारीअखेर शर्यतीत मोडला. रस्त्यावर जाणे अशक्य म्हणून ते घरच्या गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव करीत राहिले, आणि सहा आठवड्यांनी, १० एप्रिलला, दगडी रस्त्यांची पॅरिस-रूबे ही शर्यत त्यांनी टॉम बूनेन यांच्यासारख्या रथी-महारथींना मागे टाकून जिंकली. ते वीस वर्षांच्या सायकलस्वारीने घडलेले शरीर होते, हे विसरू नये. २०२० च्या टाळेबंदीत जगभर याच यंत्रांनी अनेकांना सावरले. साधन चांगले आहे. त्यातही साखळीच्या गिअरवर, मिनिटांवर आणि श्वासावर जितके काटेकोर नियंत्रण येथे ठेवता येते तितके ना चालण्यात ठेवता येते ना सूर्यनमस्कारांत. मात्रा लिहावयाची सवय नसलेल्या वैद्याने ती सवय लावून घेण्यास म्हणूनच हे साधन मला योग्य वाटते.

आमचे स्नेही आता ८२ किलोंवर आहेत. नऊ किलोंतील किती सायकलीचे, किती रात्रीचे जेवण लवकर घेण्याचे आणि किती औषधाचे, याचा हिशेब मी मांडलेला नाही. बंद खोलीत त्यांनी पुन्हा कधी सायकल चालविली नाही. पंखा दुकानातूनच उचलून नेला आहे. परवा त्यांचा निरोप आला, की हेमंतासाठी मात्रा वाढवून लिहून द्यावी. रक्तदाबाच्या नोंदींची वही आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने घेऊन या, मग लिहितो, असे त्यांना कळविले आहे.